घरच्या एलायझाची कैफियत

साहित्याच्या विद्यार्थ्याने आज्ञावली लिहायला घेतली, आणि तीही आपल्याशी गप्पा मारणाऱ्या एका कृत्रिम सोबत्याची, की आमच्या विद्याक्षेत्रात दोन प्रतिक्रिया ठरलेल्या असतात. पहिली कुत्सित: बिचाऱ्याला बोलायला माणसे मिळत नसावीत. दुसरी भाबडी: हे तर हल्ली तयारच मिळते, मग डोकेफोड कशाला? या दोन्ही प्रतिक्रियांत आम्हांला एकाच जातीचा आळस दिसतो. नवशिक्याने आपल्या हाताने रचलेला ओबडधोबड सोबती ही वाङ्मयीन कृती आहे, आणि तिची जागा संगणकशास्त्राइतकीच साहित्याच्या वर्गात आहे, असे आम्ही मानतो.

या प्रकाराची आद्य नायिकाच मुळी नाटकातून आलेली आहे. एमआयटीतील जोसेफ वायझेनबॉम यांनी १९६४ ते १९६६ या काळात जी संभाषण करणारी आज्ञावली लिहिली, तिचे नाव ‘एलायझा’ त्यांनी शॉच्या ‘पिग्मॅलियन’वरून घेतले. मराठी वाचकाला ही एलायझा परकी नाही. १९७५ साली पु. ल. देशपांड्यांनी ‘ती फुलराणी’त तिची मंजुळा केली. ओव्हिडच्या कथेत शिल्पकार हस्तिदंताची मूर्ती घडवतो आणि देवता तिच्यात प्राण फुंकते. शॉने मूर्ती काढून टाकली आणि तिच्या जागी उच्चार ठेवले. म्हणजे घडवायचे ते बोलणे. वायझेनबॉम यांनीही नेमके तेवढेच केले. समोरच्याच्या वाक्यातला एखादा महत्त्वाचा शब्द पकडायचा, वाक्याचे तुकडे करायचे, ‘मी’च्या जागी ‘तू’ घालायचे आणि प्रश्न करून परत द्यायचे. काहीच हाती लागले नाही तर, मघाशी तुम्ही अमुक म्हणाला होतात, असा मागचा धागा काढायचा. मानसोपचारतज्ज्ञाचे सोंग त्यांनी निवडले तेही चतुराईने, कारण जगाविषयी काहीही ठाऊक नसताना नुसते प्रश्न विचारीत राहिले तरी ज्याचे भागते असा दुसरा व्यावसायिक सापडणे कठीण.

आता कुणी त्या प्रसिद्ध प्रसंगाकडे बोट दाखवील. वायझेनबॉम यांना महिनोन् महिने हे काम करताना पाहिलेली त्यांची सचिव एलायझाशी बोलू लागली, आणि दोनचार वाक्यांतच तिने त्यांना खोलीबाहेर जायला सांगितले. आतली युक्ती माहीत असूनही माणूस फसतो, मग स्वतः बनवल्याने कोणते शहाणपण येणार? आक्षेप वजनदार आहे. पण त्या बाईंनी आज्ञावली होताना पाहिली होती, लिहिली नव्हती. ज्याने लिहिली तो मात्र १९७६ साली एक जाडजूड ग्रंथ लिहून यंत्राच्या मर्यादा सांगू लागला आणि २००८ साली मरेपर्यंत ते सांगत राहिला. नाटक पाहणे आणि नाटक लिहिणे यांतला फरक आपण वर्गात सांगतोच की.

आणि मराठीत लिहू पाहणाऱ्याला तर हा फरक पहिल्याच ओळीला भेटतो. इंग्रजी एलायझा स्वतःविषयी बोलताना स्त्री की पुरुष हे क्रियापदातून सांगत नाही, कारण त्या भाषेत ते सांगावेच लागत नाही. मराठी सोबत्याने ‘मी ऐकतोय’ म्हणायचे की ‘मी ऐकतेय’? ‘माझे लक्ष आहे’ म्हणून पळवाट काढता येते, पण अशा पळवाटांवर दहा वाक्ये चालवून पाहावीत म्हणजे पात्र कसे कोरडे पडते ते कळते. पुढचा प्रश्न ‘तू’ की ‘तुम्ही’. त्यापुढचा सर्वांत अवघड, ‘आपण’. ‘आपण कुठले?’ यात तो आदरार्थी, ‘आपण नाही येणार बुवा’ यात तो बोलणाराच, आणि ‘आपण उद्या बोलू’ यात तो दोघांचा. हे तिसरे वाक्य यंत्रापुढे टंकणाऱ्याने नकळत यंत्राला आपल्यात ओढून घेतलेले असते. (हा लेख आम्ही ‘आम्ही’ने लिहीत आहोत, आणि त्यात वाचक नाही, हेही जाता जाता नोंदवावे.) व्याकरणाच्या पुस्तकात अर्ध्या पानात उरकलेली ही गोष्ट नियम म्हणून लिहून काढताना संध्याकाळ खाते.

उलटवण्याची युक्तीही मराठीत नुसत्या शब्दबदलाने भागत नाही. ‘मी तुझ्यावर रागावलो आहे’ याचे ‘तू माझ्यावर रागावला आहेस’ करताना सर्वनामे बदलतातच, शिवाय क्रियापदाचा शेवट वळतो. बोलणारी स्त्री असेल तर निराळाच वळतो. ‘भाऊ’ शोधणाऱ्या नियमाला ‘भावाशी’ सापडत नाही, कारण मध्ये सामान्यरूप उभे असते. ‘आई’ने सुरू होणारे सगळे शब्द पकडले, तर आईस्क्रीम खावेसे वाटते म्हणणाऱ्याला सोबती गंभीरपणे आईविषयी विचारू लागतो. पायथनमध्ये शब्द वेगळे काढण्याची जी खूण नवशिक्याला प्रथम शिकवली जाते, ती काना-मात्रा-वेलांटीला अक्षर मानीतच नाही. ‘आठवण’ शाबूत राहते आणि ‘मी’चा नुसता ‘म’ उरतो. विभक्तीचा कंटाळा करणारा विद्यार्थी या खड्ड्यातून स्वतः वर आला, की त्याला पुन्हा विभक्ती शिकवावी लागत नाही.

दहा ओळींत एखाद्या बड्या कंपनीचे प्रारूप जोडून ‘माझा सोबती तयार’ म्हणणाऱ्यांविषयी आमचे मत कडू आहे. ते बनवणे नव्हे, ते भाड्याने घेणे. भाड्याच्या सोबत्याचे लिंग, वय, अदब, गप्प बसण्याची जागा, सारे दुसऱ्या कुणीतरी ठरवलेले असते आणि तो ते उद्या बदलू शकतो. रेप्लिकाचे उदाहरण घ्या. यूजीनिया क्यूडा यांनी २०१५ साली अपघातात गेलेल्या आपल्या मित्राचे जुने संदेश गोळा केले आणि २०१६ साली त्याच्यासारखे बोलणारी आज्ञावली बनवली. त्या अनुभवातून २०१७ साली सर्वांसाठी रेप्लिका आली. एका खाजगी शोकाचा असा व्यवसाय झाला. फेब्रुवारी २०२३ मध्ये कंपनीने जवळिकीचे संवाद एकाएकी बंद केले, आणि आपला सोबती रातोरात परका झाला म्हणून असंख्य माणसे खरोखर शोक करू लागली. पुढच्याच महिन्यात जुन्या ग्राहकांना ते संवाद परत मिळाले. त्या शोकाची आम्ही थट्टा करणार नाही. पण ज्या पात्रासाठी ती माणसे रडली त्याची संहिता त्यांच्या हाती नव्हती, आणि संहिता कुणाच्या हाती आहे हा साहित्याच्या अभ्यासकाचा पहिला प्रश्न असायला हवा. आमचे प्राध्यापक लेखकाच्या मृत्यूवर तासन् तास बोलतात. जिवंत, नोंदणीकृत आणि मासिक शुल्क आकारणाऱ्या लेखकाविषयी मात्र मौन पाळतात.

राहिला एकलकोंडेपणाचा टोमणा. एकटी माणसे रोजनिशीही लिहितात, आणि त्या आपण अभ्यासक्रमाला लावतो. तरीही टोमण्यात एक सत्य आहे ते मान्य करू: घरचा सोबती हा आरसा आहे. शॉची एलायझा शेवटी शिकवणाऱ्याला सुनावून निघून जाते; प्रेक्षकांना आणि नटांना गोड शेवट हवा होता म्हणून शॉ चिडला, आणि १९१६ साली त्याने तिच्या पुढच्या आयुष्यावर एक लांबलचक पुरवणी जोडली. आपल्या दोनशे ओळींची एलायझा निघून जाऊ शकत नाही. तिला जायला लावायचे असेल तर तो नियमही आपल्यालाच लिहावा लागतो, आणि नवशिके सहसा तो लिहीत नाहीत.

म्हणून आमची मागणी लहान आहे. एम. ए.च्या नाट्यलेखनाच्या तासिकांपैकी चार तासिका याला द्याव्यात, इंटरनेट बंद ठेवून. प्रत्येकाने एक सोबती लिहावा, त्याला नाव द्यावे, तो कोणत्या गावचे मराठी बोलतो ते ठरवावे. परीक्षेत एकच प्रश्न पुरे: समोरचा माणूस ‘मला आता बोलायचे नाही’ म्हणाला, तर तुमचा सोबती काय उत्तर देतो, आणि तेच वाक्य तुम्ही का निवडले?