लोकप्रियता हा गुन्हा नव्हे

जें गाणें रस्त्यावरच्या माणसाच्या तोंडीं बसतें तें हलकें असलेंच पाहिजे, असा एक सिद्धान्त विद्वान् मंडळींत मुकाट्यानें चालत आला आहे. वेल्समध्यें जन्मलेला गीतकार व संगीतकार आयव्हर नोव्हेलो याचीही 'गोड चालींचा कारागीर' एवढ्याच शब्दांत बोळवण होते. ही बोळवण आळशीपणाची आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

नोव्हेलोचा जन्म १८९३ सालीं कार्डिफ येथें झाला. त्याची आई क्लारा नोव्हेलो डेव्हिस ही नामांकित गायनशिक्षिका व वृंदगायनाची संचालिका. ऑक्सफर्डच्या मॉडलिन कॉलेजच्या गायकवृंदांत गात तो वाढला. अर्थात् सोपी चाल त्यानें बांधली ती अज्ञानामुळें नव्हे, तर शिकून-सवरून. लीना गिल्बर्ट फोर्ड हिच्या शब्दांस त्यानें १९१४ सालीं चाल दिली आणि 'कीप द होम फायर्स बर्निंग' हें गाणें घरोघरीं पोंचलें. 'युद्धाच्या लाटेवर तें तरलें' असें कोणी म्हणेल. परंतु ती लाट सर्वांनाच मिळाली होती. त्या काळच्या असंख्य युद्धगीतांपैकीं आज आठवतात तीं किती?

त्याच्या संगीतिका म्हणजे निव्वळ स्वप्नरंजन, हा दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. काल्पनिक राज्य आणि रंगभूमीवर बुडणारें जहाज दाखविणाऱ्या 'ग्लॅमरस नाइट' (१९३५) पुरता तो आम्हांस मान्य आहे. परंतु मार्च १९३९ मध्यें, म्यूनिकच्या करारास जेमतेम सहा महिने झाले असतां, लंडनच्या ड्रुरी लेन थिएटरांत 'द डान्सिंग इयर्स' आलें. त्याचा नायक व्हिएन्नांतील ज्यू संगीतकार. आणि नाझींनीं त्याच्यासारख्यांचा मांडलेला छळ त्यांत आहे. करमणुकीला आलेल्या प्रेक्षकांस हें दाखविणें स्वप्नरंजन म्हणावें काय? स्वतःस गंभीर म्हणविणाऱ्या किती नाटकांनीं त्या वेळीं एवढें धैर्य दाखविलें?

युद्धकाळांत पेट्रोलच्या नियमांचा भंग केल्याबद्दल १९४४ सालीं त्याला तुरुंगवास घडला, हें आम्ही झांकीत नाहीं. परंतु माणसाचा दोष त्याच्या चालींच्या माथीं मारणें न्यायाचें नव्हे.

६ मार्च १९५१ रोजीं, 'किंग्ज ऱ्हॅप्सडी'मधील भूमिका करून घरीं परतल्यावर कांहीं तासांतच तो वारला. आज ब्रिटनमध्यें गीतकार-संगीतकारांस मिळणारे मानाचे पुरस्कार त्याच्याच नांवानें दिले जातात. म्हणजे ज्यांना गाणें रचण्याचे कष्ट ठाऊक आहेत, त्यांनीं आपला निकाल केव्हांच दिला आहे. ज्यांना अजूनही सोपें गाणें सोपें वाटतें, त्यांनीं शंभर वर्षें लोकांच्या ओठीं राहील असें एक तरी रचून दाखवावें. मग नाक मुरडावें!