उमेद अपयशाने जात नाही

अपयश आले की मेंदूतील डोपामिन घटते आणि उमेद संपते, असे हल्ली सर्रास सांगितले जाते. या मताला आधार आहे, पण अर्धाच. 2007 मध्ये मात्सुमोतो आणि हिकोसाका या संशोधकांना माकडांच्या मेंदूत दिसले, की अपेक्षित बक्षीस हुकताच पार्श्व हबेन्युला या छोट्याशा भागातील पेशी जोमाने काम करू लागतात आणि डोपामिनच्या पेशी मंदावतात. मात्र हे मंदावणे क्षणाचे असते. अंदाज चुकल्याची ती वर्दी असते आणि मेंदू तिच्यावरूनच पुढचा अंदाज सुधारतो. प्रत्येक फटक्याने उमेद जात असती, तर पेण-रोह्याच्या खारेपाटात भातशेती उरलीच नसती. तेथे उधाणात बाहेरकाठ्याला, म्हणजे खाडीकडच्या बांधाला, खांड पडते, खारे पाणी शेतात घुसते आणि पावसाने खार धुऊन निघेपर्यंत पीक धड येत नाही. तरीही जोळ या सामूहिक श्रमाच्या पद्धतीने गाव एकत्र येई आणि ओहोटीच्या वेळात चिखलमाती रचून खांड बुजवी. बांध टिकला की नाही, ते पुढच्या भरतीलाच कळे.

केल्याचा परिणाम असा डोळ्यांसमोर दिसणे, हेच उमेदीचे मूळ. 1967 मध्ये सेलिग्मन आणि मायर या मानसशास्त्रज्ञांनी कुत्र्यांना विजेचे झटके दिले. ज्यांना ते थांबवता येत होते, ती पुढेही सुटकेसाठी धडपडली. ज्यांच्या हाती काहीच नव्हते, त्यांतली बहुतेक निमूट पडून राहिली. झटके दोन्ही गटांना सारखेच होते. ही हतबलता शिकलेली असते, असा तेव्हाचा निष्कर्ष सेलिग्मन आणि मायर यांनीच 2016 मध्ये उलटवला. दीर्घ त्रासात निपचित पडणे ही मेंदूची मुळातली प्रतिक्रिया आहे. शिकावे लागते ते नियंत्रण, आणि ते ओळखून कपाळामागचा भाग ही प्रतिक्रिया रोखतो.

1979 च्या खारभूमी विकास कायद्यानंतर अनेक बांध सरकारी योजनांखाली गेले. आता खांड गावात पडते आणि ती बुजवण्याचा निर्णय कचेरीत होतो. अशा वेळी शेत पडीक टाकणाऱ्या शेतकऱ्याला आळशी म्हणणे सोपे, पण चूक आहे. अर्थात शेत पडीक टाकणारा प्रत्येक जण खचलेलाच असतो, असेही नाही. रोह्याजवळच्या धाटावच्या कारखान्यात पगार मिळत असेल, तर शेत सोडणे हा साधा हिशेब असतो. त्यासाठी मेंदूविज्ञान कशाला हवे?

परिणाम हाती नसेल, तर अपयश पचवण्याची सवय लावा, हा उपदेशही अपुरा. प्रयोगांत ज्या उंदरांना आधी ताण थांबवता आला होता, ते पुढच्या अटळ ताणातही खचले नाहीत; नुसता ताण सोसलेल्यांना तसे संरक्षण मिळाले नाही.