भौतिकशास्त्र फक्त ‘नीट’पुरतंच?

दहावीचा निकाल लागला की धाराशिव, कळंब, तुळजापूरकडच्या हुशार मुली लातूर गाठतात. क्लास लावायचा, ‘नीट’ द्यायची. त्यात भौतिकशास्त्र असतंच, पण गुणांपुरतं. नंबर लागला तरी पुस्तक रद्दीत, नाही लागला तरी रद्दीत. या विषयात आयुष्य काढता येतं हे त्यांना कुणी सांगतच नाही. म्हणून आज भौतिकशास्त्रज्ञ डॉ. रोहिणी गोडबोले यांच्याविषयी.

रोहिणीताई १९५२ साली पुण्यात जन्मल्या, हुजूरपागेत शिकल्या. तेव्हा तिथे सातवीपर्यंत मुलींना विज्ञानाऐवजी गृहविज्ञान असे. शिष्यवृत्ती परीक्षेला मात्र विज्ञान लागे. त्यांनी ते वर्गाबाहेर शिकून घेतलं आणि शिष्यवृत्ती मिळवली. पुढे राष्ट्रीय विज्ञान प्रतिभा शिष्यवृत्तीने संशोधनाचं जग दाखवलं. स. प. महाविद्यालय, आयआयटी मुंबई आणि १९७९ साली अमेरिकेतल्या स्टोनी ब्रूकची पीएचडी. त्यानंतर त्या मायदेशी परतल्या. १९८२ पासून तेरा वर्षं मुंबई विद्यापीठात शिकवलं, मग बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या.

त्यांचं नाव एका परिणामालाच लागलं आहे: ड्रीस-गोडबोले परिणाम. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन यांचे झोत प्रचंड वेगाने समोरासमोर आणले की त्यांतून प्रकाशकण बाहेर पडतात. हे प्रकाशकण एकमेकांवर आदळतात आणि नको असलेल्या कणांचा गोंधळ उडवतात. ज्या दुर्मीळ घटनेसाठी एवढं यंत्र उभारायचं, तीच त्यात हरवायची. हा गोंधळ किती असेल याचं गणित रोहिणीताई आणि त्यांचे सहसंशोधक ड्रीस यांनी मांडलं. नव्या कण-आदळयंत्रांचे आराखडे करताना ते धरावंच लागतं. विश्वाच्या पहिल्या क्षणांत काय घडलं हे शोधायची एक वाट अशाच यंत्रांतून जाते.

मला त्यांचं आणखी एक काम तितकंच मोठं वाटतं. २००८ साली राम रामस्वामींसोबत त्यांनी ‘लीलावतीज् डॉटर्स’ हे पुस्तक संपादित केलं. भारतातल्या जवळपास शंभर वैज्ञानिक स्त्रियांच्या कहाण्या त्यात आहेत. आपल्यासारखी कुणीतरी या वाटेने गेली आहे, हे मुलींना दिसलं पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. २०१९ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्या गेल्या.

आता आपल्याकडे पाहा. गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया वेधशाळा याच मराठवाड्यात, हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ व्हायची आहे. २०२३ साली केंद्राने तिला सुमारे २,६०० कोटी मंजूर केले. तिथे काम करणाऱ्यांत धाराशिवच्या मुली नसल्या तर तो दोष मुलींचा नसेल.

भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या सर-मॅडमना एवढीच विनंती: ‘नीट’चा अर्ज भरणाऱ्या मुलींना ‘आयसर’ या विज्ञान शिक्षण-संशोधन संस्थांच्या प्रवेश परीक्षेबद्दलही सांगा. गणित सोडून जीवशास्त्र घेतलेल्या मुलींनाही ती देता येते. प्रश्नपत्रिकेत गणित असतं, तेवढी तयारी मात्र तुम्ही करून घ्या.