पेपर कोणी तपासला?

आमच्या गावच्या व्याख्यानमालेत यंदा एका विद्वान वक्त्यांनी श्रोत्यांना पोट धरून हसवले. अमेरिकेत म्हणे बायबल शिकवणाऱ्या पाठशाळा मानसोपचाराच्या डॉक्टरेट वाटतात! ‘उद्या आपली वेदपाठशाळा हृदयाच्या शस्त्रक्रियेची पदवी देईल,’ असे ते म्हणाले आणि सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. विनोद बरा होता. पण ज्या गोष्टीवर तो बेतला होता, ती वक्त्यांनी नीट वाचलेली नव्हती आणि टाळ्या वाजवणाऱ्यांनी तर नव्हतीच. चुकीच्या उत्तराला पैकीच्या पैकी गुण पडताना पाहिले की मास्तर माणसाला गप्प बसवत नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

कॅलिफोर्नियातील पॅसाडिना येथे रेडिओवरून प्रवचने करणाऱ्या चार्ल्स फुलर यांनी १९४७ साली धर्मोपदेशक घडवणारी एक पाठशाळा काढली. तिचे नाव फुलर थिऑलॉजिकल सेमिनरी. याच संस्थेने १९६५ साली मानसशास्त्राची पदव्युत्तर शाळा उघडली. तिचे पहिले प्रमुख कोण? कोणी बुवा-बापू नव्हेत, तर ली एडवर्ड ट्रॅव्हिस! आयोवा विद्यापीठात तोतरेपणावर आणि मेंदूतल्या विद्युत्‌लहरींवर प्रयोगशाळेत आयुष्याची उमेदीची वर्षे घालवलेला संशोधक. १९७४ साली अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने या अभ्यासक्रमाला मान्यता दिली. पुढे ही वाट रुळली. १९७० साली निघालेली रोझमीडची शाळा १९७७ मध्ये बायोला या ख्रिस्ती विद्यापीठात सामील झाली. ओरेगॉनमधल्या क्वेकर परंपरेच्या जॉर्ज फॉक्स संस्थेकडे असा अभ्यासक्रम १९९० मध्ये आला आणि शिकागोजवळच्या व्हीटन कॉलेजने तो १९९३ मध्ये सुरू केला.

इथे शिकवतात काय? संख्याशास्त्र, मानसिक चाचण्या, मनोविकारांचे निदान, उपचारपद्धती, संशोधन, प्रबंध. त्याच्या जोडीला धर्मशास्त्र. म्हणजे एक ओझे कमी न करता वर दुसरे ठेवलेले! अभ्यासक्रमाची वर्षे संपली की विद्यार्थ्याला एक वर्ष पूर्णवेळ उमेदवारी करावी लागते, आणि ती बहुधा परक्या ठिकाणी: सरकारी रुग्णालयात, माजी सैनिकांच्या इस्पितळात, जिथल्या वरिष्ठाला याच्या बायबलच्या पाठांतराशी काही देणेघेणे नसते. त्यानंतर व्यवसायाचा परवाना. त्यासाठी २२५ प्रश्नांची एक परीक्षा आहे; नास्तिकाला जी प्रश्नपत्रिका, तीच पाद्र्याच्या मुलाला.

आता वेदपाठशाळेचा विनोद पुन्हा तपासून पाहू. आमच्या शाळेत सकाळी प्रार्थना होते, गणपती बसतो, सरस्वतीपूजन होते. म्हणून आमच्या दहावीच्या निकालावर कोणी शंका घेत नाही. का? कारण प्रश्नपत्रिका बेंगळुरूच्या बोर्डाची असते आणि पेपर तपासणारा आमचा नसतो. उलट ज्या शाळेने आपलेच पेपर आपणच तपासले, तिचा निकाल शंभर टक्के लागला तरी कोण विश्वास ठेवील? घरात देव्हारा आहे की नाही, हा प्रश्न नाही. पेपर कोणी तपासला, हा प्रश्न आहे. तो वक्त्यांना सुचलाच नाही.

त्याच वक्त्यांनी दुसरा दाखला दिला तो अल्बर्ट एलिस यांचा. महाराष्ट्रात आणि आम्हां सीमाभागातल्या मराठी वाचकांत एलिस हे नाव नवे नाही, डॉ. कि. मो. फडके यांनी विवेकनिष्ठ मानसोपचार मराठीत आणला, रुजवला, त्यासाठी हयात वेचली. तेव्हा एलिसचे नाव घेतले की आमचा वाचक माना डोलावतो. १९८० साली ॲलन बर्गिन या श्रद्धावान मानसशास्त्रज्ञाने लिहिले की उपचारांत धार्मिक मूल्यांना जागा हवी. त्यावर त्याच वर्षी एलिसने ठोसा लगावला की कडवी धार्मिकता आणि भावनिक बिघाड यांचे जवळचे नाते आहे. वक्ते इथे थांबले. एलिस मात्र थांबला नव्हता. स्वतः अखेरपर्यंत नास्तिक राहूनही त्याने आपले मत पुराव्यासमोर ठेवून घासले, आणि २००० साली लिहिले की देवावर गाढ श्रद्धा असणाऱ्यांनाही आपली पद्धत उपयोगी पडू शकते. २००१ मध्ये धार्मिक रुग्णांवरील विवेकनिष्ठ उपचारांचे एक पुस्तक त्याने दोघा सहलेखकांसह प्रसिद्ध केले. त्या दोघांपैकी एक, ब्रॅड जॉन्सन, कुठे शिकला होता? फुलरमध्ये! एलिसच्या नावाने धर्माला झोडपणाऱ्यांनी एलिसची पुढची वीस वर्षे वाचू नयेत, याला विवेकनिष्ठा म्हणायचे की पोथीनिष्ठा?

आणि या शाळांची गरज का पडली, तेही बघा. अमेरिकेतला सामान्य माणूस जितका देवाधर्मात असतो, त्याच्या मानाने तिथला मानसशास्त्रज्ञ पुष्कळच कमी असतो. २००७ साली छापून आलेल्या पाहणीतही हेच दिसले. आता एखादी बाई सांगू लागली की ‘देवाने मला टाकले’, तर हे उदासीनतेच्या विकाराचे लक्षण आहे, की तिच्या चर्चमध्ये दुःखाविषयी असेच बोलतात, की खरोखरच तिच्या श्रद्धेला तडा गेला आहे, हे ओळखायचे कसे? ज्याला ती भाषाच येत नाही, तो एक तर हसेल नाही तर घाबरेल. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत १९९४ साली ‘धार्मिक किंवा आध्यात्मिक समस्या’ अशी स्वतंत्र नोंद आली, आणि ती विकार म्हणून नव्हे. आपल्याकडची माणसे अजून आधी गाणगापूरला जातात, मग धारवाडच्या मनोरुग्णालयात. ‘अंगात येणे’ म्हणजे काय हे आतून ठाऊक असलेला आणि तरीही औषधाची वेळ आली हे ओळखणारा माणूस त्या दोन मुक्कामांच्या मध्ये उभा असता, तर किती घरांची वर्षे वाचली असती! तो घडवण्याचे काम आपण कोणत्या शाळेवर सोपवले आहे? हसण्याआधी याचे उत्तर द्यावे.

या शाळांना घरातूनही मार बसला आहे. १९७० साली जे ॲडम्स नावाच्या धर्मोपदेशकाने पुस्तक लिहून बजावले की समुपदेशनाला बायबल पुरेसे आहे, फ्रॉइड-रॉजर्सची उसनवारी नको. मनाच्या पुष्कळशा तक्रारींचे मूळ पापात आहे. त्याला मोठा अनुयायीवर्ग मिळाला. आमच्याकडचे ‘नामस्मरण करा, गोळ्या कशाला’ म्हणणारे त्याचेच सख्खे भाऊ. म्हणजे एका बाजूने धर्मबुडवे आणि दुसऱ्या बाजूने धर्मवेडे, अशा दोन्ही शिव्या खात हे लोक साठ वर्षे शिकवत आहेत. मला त्यांच्याविषयी आदर आहे. आणि आदर आहे म्हणूनच पुढचे बोलतो.

त्यांचे खरे दुखणे बायबलचे तास हे नाहीच. दुखणे आहे प्रवेशअर्जापाशी. या संस्थांत कुठे श्रद्धेचे निवेदन मागतात, कुठे आचारसंहिता मान्य करून घेतात. असोसिएशनच्या मान्यतेच्या नियमांत यासाठी एक खास सवलत आहे. ती पूर्वी ‘चौथी तळटीप’ म्हणून ओळखली जाई. धार्मिक संस्थेने आपले धोरण आधी जाहीर केले असेल, तर प्रवेश देताना आणि शिक्षक नेमताना तिला आपल्या धर्माच्या लोकांना झुकते माप देता येते. २००१ साली ही टीप काढून टाकण्याचा विचार निघाला, वादंग माजले आणि टीप टिकली. फुलरनेच समलिंगी विवाह केल्यावरून दोन विद्यार्थ्यांना काढले. ते मानसशास्त्राचे नव्हते, धर्मशास्त्राचे होते. ते कोर्टात गेले. २०२० साली आणि अपिलात २०२१ साली निकाल संस्थेच्या बाजूने लागला. कायद्याने संस्था जिंकली, हे मान्य. धर्मोपदेशक घडवणाऱ्या शाळेने आपल्या उपदेशकाकडून अमुक आचरण मागावे, हेही मी एक वेळ समजू शकतो.

पण मानसोपचाराची गोष्ट निराळी आहे. इथल्या शिक्षणाचा गाभा पुस्तकात नसतो, तो वरिष्ठासमोर दर आठवड्याला बसण्यात असतो. आज या रुग्णाचा मला राग आला. त्या बाईचे बोलणे ऐकताना माझ्या आईची आठवण झाली. या पोराच्या पापाच्या भीतीने मीच हादरलो. हे सगळे उमेदवाराने उघडे करायचे असते. स्वतःची गाठ जो ओळखत नाही, तो ती रुग्णाच्या गळ्यात बांधतो. फ्रॉइडपासून आजवर सगळ्या पंथांचे यावर बऱ्यापैकी एकमत आहे. आता त्याच वरिष्ठाच्या संस्थेने आधीच एक कागद पुढे केलेला असेल आणि त्यावर लिहिलेल्या विश्वासाला धरून राहण्यावर शिक्षण अवलंबून असेल, तर तो पोरगा काय उघडे करील? तो सोयीस्कर तेवढेच सांगेल. बाकीचे मनात कोंडून ठेवील. आणि पुढे त्याच्याकडे येणारा रुग्णही त्याच्यापुढे तेवढेच बोलेल, कारण कोंडलेला माणूस दुसऱ्याला मोकळे करू शकत नाही.

‘आम्ही आधीच जाहीर केले होते, मग तो आला कशाला?’ हा त्यांचा ठरलेला बचाव. बावीस-तेविसाव्या वर्षी केलेली सही अठ्ठाविसाव्या वर्षीच्या मनाला कशी बांधील? आणि मन बदलते, हेच तर तुम्ही त्याला पाच वर्षे शिकवता! शिवाय बाहेरच्या परीक्षकाचा आधार इथे तुटतो. २२५ प्रश्नांची प्रश्नपत्रिका उमेदवाराचे ज्ञान तपासते. तो आपल्या वरिष्ठापाशी खरे बोलला की नाही, हे तिला कुठून कळणार?

म्हणून माझे म्हणणे असे की धर्मशास्त्राचे तास ठेवा, प्रार्थना ठेवा, शिक्षक हवे तर आपल्या पंथाचे नेमा. विद्यार्थ्याकडून मात्र श्रद्धेची लेखी हमी घेऊ नका. तिसऱ्या वर्षाला असलेल्या एखाद्या मुलीची श्रद्धा एका रुग्णाच्या आत्महत्येनंतर डळमळली, तर मंगळवारच्या बैठकीत तिने आपल्या वरिष्ठाला काय सांगायचे, हे त्या माहितीपत्रकात एका ओळीने छापून दाखवा.