पाडव्याची वही आणि साखळीबाहेरचा हिशेब

दिवाळीचा पाडवा हा आपल्याकडे हिशेबाचाही सण. जळगावच्या सराफ बाजारात, धुळ्याच्या आग्रा रोडवरच्या पेढ्यांत लक्ष्मीपूजनाला पूजलेली कोरी वही उघडते, पहिल्या पानावर श्री उमटतो, सरत्या संवताची शिल्लक पुढे ओढली जाते आणि कापसाच्या नव्या हंगामाकडे पाहत व्यापारी लेखणी उचलतो. हिशेब संगणकावर गेले तरी वहीचे हळद-कुंकू सुटलेले नाही. सुटूही नये, लिहिलेल्या आकड्याला जागण्याची आपण दरवर्षी नव्याने घेतलेली ती शपथ आहे.

याच शपथेचा एक नवा प्रयोग जगाने जानेवारी 2009 मध्ये बिटकॉइनच्या रूपाने सुरू केला. त्यामागची ब्लॉकचेन, म्हणजे नोंदींच्या गठ्ठ्यांची साखळी, ही एकाच्या तिजोरीत न राहता हजारो संगणकांवर एकसारखी नांदणारी वही. तिच्यातली प्रत्येक नोंद सर्वांनी तपासायची, म्हणूनच ती खोडता येत नाही, आणि म्हणूनच ती संथ चालते. बिटकॉइनमध्ये नोंदींचा एक गठ्ठा बसायला सरासरी दहा मिनिटे लागतात. सेकंदाला जेमतेम सात व्यवहार होतात. हा संथपणा म्हणजे नोंद न खोडता येण्याची किंमत आहे, दोष नव्हे. पण तेवढ्यावर बाजार चालत नाही. आपल्या पेढीवरही प्रत्येक देवघेव थेट खतावणीत चढत नाही. आधी कच्चा खर्डा, मग कीर्द, मग खतावणी. मुख्य साखळीबाहेर व्यवहार उरकून तिच्यावर फक्त सार नोंदवण्याचे जे मार्ग गेल्या दशकात निघाले, त्यांचे मूळ याच गरजेत आहे.

पहिला मार्ग दोघांमधल्या खात्याचा. जोसेफ पून आणि थॅडियस ड्रायजा यांनी मांडलेल्या ‘लाइटनिंग’ पद्धतीत दोन पक्ष काही रक्कम संयुक्तपणे अडकवून ठेवतात, आपसांत हवे तितके व्यवहार करतात आणि साखळीवर केवळ आरंभ व अखेर लिहितात. कोणी जुनी शिल्लक पुढे करून फसवू पाहिले, तर ठरलेल्या मुदतीत दुसरा ती सगळी रक्कम जप्त करू शकतो. मात्र त्यासाठी त्याने किंवा त्याच्या वतीने कोणीतरी जागे राहावे लागते, आणि भांडवल अडकते. किरकोळ देण्याघेण्याला हा मार्ग उत्तम; गुंतागुंतीच्या करारांना अपुरा.

दुसरा मार्ग जोडसाखळीचा, आणि त्याचे एक मोठे उदाहरण आपल्या मुंबईतले. जयंती कनानी, संदीप नैलवाल आणि अनुराग अर्जुन यांनी 2017 मध्ये सुरू केलेले ‘मॅटिक’ 2021 मध्ये ‘पॉलिगॉन’ झाले. तिथे स्वतंत्र पडताळणीदार व्यवहार तपासतात आणि ठरावीक अंतराने त्यांचा ठसा इथेरियम या दुसऱ्या ब्लॉकचेनच्या मुख्य साखळीवर टाकतात. खर्च नगण्य, वेग मोठा; पण भरवसा शेवटी त्या पडताळणीदारांवर.

तिसरा मार्ग ‘रोलअप’चा, आणि आमचे मन त्याच्याकडे झुकते. व्यवहार बाहेर चालवायचे, पण त्यांचा तपशील मुख्य साखळीवरच टाकायचा. एका प्रकारात हिशेब खरा धरून चालतात आणि हरकतीसाठी बहुधा सात दिवस ठेवतात. दुसऱ्यात प्रत्येक गठ्ठ्यासोबत तो बरोबर असल्याचा गणिती पुरावाच जोडतात, मग हरकतीची वाट पाहावी लागत नाही. मार्च 2024 मध्ये इथेरियमने या तपशिलासाठी स्वस्त अशी वेगळी जागा दिली. ती सुमारे अठरा दिवसांपुरती; त्यानंतर जुने कागद जपण्याचे काम इतरांकडे. याच घराण्यातल्या ‘व्हॅलिडियम’मध्ये तर पुरावा साखळीवर असतो, तपशील सुरुवातीपासूनच बाहेरच्या सांभाळणाऱ्यांकडे. बेरीज बरोबर आहे हे सिद्ध होईल, पण त्यांनी कागद दाखवलेच नाहीत तर आपली शिल्लक आपल्यालाच सिद्ध करता येणार नाही.

कागद कुठे राहतो, हा प्रश्न खानदेशाला नवा नाही. गावोगाव फिरून जुनी दप्तरे गोळा करणारे इतिहासाचार्य वि. का. राजवाडे 1926 मध्ये धुळ्यातच निवर्तले, आणि त्यांच्या नावाच्या संशोधन मंडळाने ते कागद तिथे जपले. मूळ कागदाविना इतिहास उभा राहत नाही, या त्यांच्या ध्यासाचे वारस म्हणून या नव्या वह्यांकडेही आपण त्याच नजरेने पाहिले पाहिजे.

हे दूरचे बोलणे नव्हे. 2022 मध्ये गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्लीच्या प्रशासनाने सुमारे 65 हजार जातीचे दाखले पॉलिगॉनच्या आधाराने देण्याचा उपक्रम हाती घेतला, जेणेकरून बनावट दाखल्याची शंका जागच्या जागी फिटावी. सातपुड्याच्या पायथ्याशी चोपडा, यावल, शिरपूर तालुक्यांतल्या पाड्यांवरच्या मुलांनाही प्रवेशाला आणि शिष्यवृत्तीला हाच दाखला लागतो. अशी सोय इथे आली तर आपण तिचे स्वागतच करू. पण पडताळणीदार किती आहेत, ठसा मुख्य साखळीवर किती वेळाने पोहोचतो, आणि ही व्यवस्था चालवणारी कंपनी उद्या बंद पडली तर दाखला कोण आणि कसा पडताळणार, हे करारावर सही होण्याआधी विचारले जावे. नंतर उत्तर शोधण्याचा भार त्या पाड्यावरच्या मुलावर आणि प्रांत कचेरीच्या त्याच्या हेलपाट्यांवर पडतो.