सफरीचा अमीर कोण?



गेल्या महिन्यात वडाळ्यात एका वलीम्याला गेले होते. जेवण झाल्यावर ओळखीतल्या एका बहिणीने बाजूला घेतले. म्हणाली, "आपा, सुटीत मुलांना मलेशिया दाखवायचा विचार आहे. मुलगा म्हणतो, सगळे मोबाईलवर बुक होते, एजंट कशाला? हे म्हणतात, परका मुलूख, एजंटशिवाय पाऊल टाकायचे नाही. तुम्ही दोन्ही केलेय, तुम्हीच सांगा."

मी तिला दोन्ही सफरींची हकिकत सांगितली, तीच इथे सांगते.

2024 च्या डिसेंबरात आम्ही चौघे स्वतःच मलेशियाला गेलो. 1 डिसेंबर 2023 पासून भारतीयांना तिथे 30 दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. ही सवलत सध्या 2026 अखेरपर्यंत आहे. पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत एक डिजिटल अर्ज भरायचा, तो मोफत असतो. तिकिटे आणि हॉटेल धाकट्याने पाहिले. माझ्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा आहे, हे त्याच्याच लक्षात आले. आपल्याकडच्या कितीतरी बायकांच्या पासपोर्टवर एकच नाव असते. विमान कंपनीला फोन करून नाव कसे लिहायचे ते विचारले, मगच तिकीट काढले. दुबईला जाणाऱ्यांनी तर हे आधीच विचारावे. यूएईने नोव्हेंबर 2022 पासून एकेरी नावाच्या पासपोर्टबाबत नियम कडक केले आहेत.

तिथे जेवणाची चिंता नव्हती, हलालची सरकारी खूण जागोजागी दिसते. नमाजची वेळ झाली की थांबायचो, मन रमले तिथे तासभर जास्त बसायचो. पण मलाक्काला जायची बस चुकली, तेव्हा भर पावसात पुढची बस शोधायला धाकटाच धावला. त्याआधी तीन आठवडे रोज रात्री तो मोबाईल घेऊन बसला होता. वाचलेल्या पैशांत त्याची ही मेहनत धरायला हवी.

दुसरी सफर अम्मींच्या उमराहची. वय 72, गुडघे दुखरे. शहरातल्या एका एजंटाकडे पैसे भरले. "हॉटेल हरमच्या अगदी जवळ," असे तो तोंडी म्हणाला होता. मक्केत पोहोचलो तर हॉटेल दोन किलोमीटरवर! बसच्या रांगेत उभे राहणे अम्मींना झेपेना. हरममध्ये फजर पढायची त्यांची आयुष्यभराची आस होती, ती दोनच दिवस पुरी झाली. मला फार राग आला.

पण मदिन्यात एका रात्री अम्मींना दम लागला. त्याच एजंटाचा माणूस पाच मिनिटांत खोलीवर आला. त्यानेच गाडी बोलावली, दवाखान्यात अरबीत डॉक्टरांशी बोलला आणि फजरपर्यंत बाकावर बसून राहिला. मी एकटी असते तर काय केले असते, हे आजही सुचत नाही.

तिघे सफरीला निघाले तर एकाला अमीर नेमावे, अशी आपल्याला शिकवण आहे. अमीर म्हणजे नुसता हुकूम सोडणारा नव्हे. इतर झोपले तरी जागणारा, बस चुकली तर धावणारा तो अमीर. एजंटाला पैसे देतो तेव्हा आपण अमीर भाड्याने घेतो. स्वतः गेलो तर तो घरातूनच द्यावा लागतो. म्हणून तिकिटाच्या आधी त्याचे नाव ठरवा. सगळे धडधाकट असतील आणि घरात कुणी शांत डोक्याचे, कागदपत्रे नीट वाचणारे असेल, तर खुशाल स्वतः जा. सोबत वृद्ध, आजारी किंवा पहिल्यांदाच विमानात बसणारे असतील, तर एजंट बरा.

एजंट घेतलात तर हॉटेलचे नाव, खोलीत किती जण, विमान थेट की बदलून, रद्द केल्यास किती पैसे परत आणि सोबत कोण येणार, हे सारे लेखी घ्या. हॉटेलचे अंतर नकाशावर स्वतः पाहा. पैसे बँकेतून द्या. परदेशी पॅकेजवर टीसीएस कापला जातो. तो तुमच्या पॅनवर जमा होतो आणि रिटर्न भरल्यावर करातून वळता होतो किंवा परत मिळतो. त्याचे प्रमाणपत्र मागायला विसरू नका.

स्वतः जात असाल तर पासपोर्टची मुदत सहा महिन्यांहून जास्त हवी, प्रवास विमा हवा, आणि सगळ्या कागदांच्या प्रती दोघांकडे हव्यात. मुंबईचे विमान गाठायला कसारा घाटातल्या खोळंब्याचा वेळ धरून निघा.

हजची गोष्ट मात्र वेगळी. आपल्याकडून हज कमिटी ऑफ इंडिया किंवा सरकारी नोंदणी असलेल्या खासगी टूरमार्फतच जाता येते. व्हिजिट व्हिसावर हज करवतो म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. 2024 च्या हजमध्ये 1,301 जण दगावले. त्यांतले बहुतेक परवान्याविना आलेले होते, असे सौदी सरकारने सांगितले. उन्हात टेकायला तंबू नाही, न्यायला बस नाही, विचारणारा कुणी नाही, अशी त्यांची गत झाली.

परवा त्या बहिणीचा फोन आला. मलेशियाचा अमीर मुलगा झाला आहे. बापाने त्याच्याकडून रोजचा बेत वहीत लिहून घेतला. सासूबाईंच्या उमराहसाठी एजंटाकडे जाणार आहेत. "आपा, हॉटेलचे नाव आधी लिहून घेणार," ती म्हणाली.

अल्लाह सर्वांची सफर आसान करो. आमीन.