रंगांचा तक्ता आणि कवडी कापूस

स्कॉट फिट्झेराल्डची ‘द ग्रेट गॅट्सबी’ ही 1925 सालची कादंबरी. इंग्रजी घेऊन बी.ए. करणाऱ्या मुलांच्या हाती ती पडण्याआधी बाजारातले गाइड पडते, आणि त्या गाइडात एक तक्ता असतो: हिरवा म्हणजे आशा, पांढरा म्हणजे पावित्र्य, पिवळा म्हणजे संपत्ती, राखाडी म्हणजे नैराश्य. तक्ता पाठ झाला की गुणांची सोय झाली. आमचे म्हणणे असे की, हा तक्ता त्या कादंबरीचा वैरी आहे. आणि आर्वीच्या मुलाने तो घोकावा, ही तर शुद्ध विटंबना होय. रंगाचा भाव कोण ठरवतो, हे त्याच्याइतके दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार?

कापसाच्या बाजारात पांढरा रंग म्हणजे पावित्र्य नव्हे, दर. पहिल्या वेचणीचा शुभ्र माल एका दराने जातो, पावसात भिजून डागाळलेली कवडी दुसऱ्या दराने, फरदड तिसऱ्या. व्यापारी ढिगात हात घालून मूठभर कापूस उजेडात धरतो, तेव्हा तो रंगच वाचीत असतो. पऱ्हाटीचे फूल फिक्कट पिवळे उमलते आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी होते. त्यात कुणाला काव्य दिसेल. पण 2017 साली बोंडअळीने विदर्भातली बोंडे पोखरली, तेव्हापासून ‘गुलाबी’ म्हटले की शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो. आणि पिवळा म्हणजे संपत्ती? 1999 साली महाराष्ट्रात तीन रंगांच्या शिधापत्रिका आल्या: पिवळी दारिद्र्यरेषेखालच्याची, केशरी मधल्याची, पांढरी वर्षाकाठी लाखावर मिळकत असणाऱ्याची. म्हणजे पिवळ्याचा अर्थ सरकारनेच छापून दिला, आणि तो गाइडाच्या नेमका उलट!

कुणी म्हणेल, “हे तुमच्या गावाचे झाले, अमेरिकेच्या कादंबरीला त्याचे काय?” तर आता कादंबरीच उघडू या. गॅट्सबीची मोटार निवेदक प्रथम दाखवतो तेव्हा ती मलईच्या रंगाची आहे. तिच्याखाली मर्टल विल्सन चिरडली जाते, तेव्हा एक साक्षीदार पोलिसाला फिकट हिरवी सांगतो, दुसरा पिवळी. मोटार एक, रंग तीन. तक्तेवाल्यांनी आता हिला आशा म्हणावे की संपत्ती? गॅट्सबी ऑक्सफर्डचा असल्याचे ऐकून टॉम ब्यूकॅनन उसळतो, आणि पुरावा काय देतो? त्याचा गुलाबी सूट! पिढीजात श्रीमंताला नवश्रीमंत ओळखायला रंग पुरतो. येथे रंग हे प्रतीक नसून जातीचा दाखला आहे.

पांढऱ्याची गोष्ट याहून बोलकी आहे. डेझी पहिल्यांदा दिसते ती पांढऱ्या झग्यात. गाइड लगेच लिहिते, पावित्र्य. परंतु राखेच्या खोऱ्यातल्या विल्सनच्या कपड्यांवर आणि केसांवरही लेखकाने पांढरटच धूळ टाकली आहे. तोच रंग एकीच्या अंगावर वस्त्र म्हणून आहे, दुसऱ्याच्या अंगावर मळ म्हणून. जिनिंगमध्ये दिवसभर राबलेली मजूर बाई संध्याकाळी बाहेर पडते, तीही रुईच्या तंतूंनी पांढरी झालेली असते. तिला पवित्र म्हणण्याचे धाडस तक्ता करील काय?

याचा अर्थ आम्ही प्रतीकच नाकारतो असे नव्हे. डेझीच्या धक्क्यावरचा हिरवा दिवा हे खचित प्रतीक आहे. पण डेझी गॅट्सबीच्या शेजारी येऊन उभी राहताच तो पुन्हा नुसता दिवा होतो, हे कादंबरीनेच पाचव्या प्रकरणात सांगितले आहे. अर्थ दिव्याच्या हिरवेपणात नव्हता. तो पलीकडच्या काठावर होता, आणि मध्ये पाणी होते.

तेव्हा प्राध्यापक महाशयांना आमची विनंती आहे: “पांढरा रंग कशाचे प्रतीक आहे?” हा प्रश्न उत्तरपत्रिकेतून हद्दपार करा. त्याऐवजी विचारा, डेझीचा झगा पांढरा राहतो तो कुणाच्या श्रमावर, आणि विल्सनच्या अंगावरची धूळ कुणी झटकायची? या प्रश्नाला गाइडात उत्तर सापडणार नाही. आर्वीच्या मुलाला मात्र ते घरी सापडेल, आणि कदाचित पहिल्यांदाच इंग्रजी कादंबरी आपल्याविषयी काही बोलते आहे असे त्याला वाटेल.